टायरची अदलाबदल आणि हमीचा कागद

वसंत व्याख्यानमालेत मोटारीच्या टायरवर बोलावयाचे ठरविले तेव्हा आमचे एक स्नेही म्हणाले, "अहो, हा काय व्याख्यानाचा विषय झाला?" शंका रास्त होती. परंतु आठ दिवसांनी तेच गृहस्थ आपल्या गाडीचे बिल घेऊन आमच्याकडे आले, आणि तासभर उठले नाहीत. मध्यमवर्गीय कुटुंबात घराच्या खालोखाल मोठी खरेदी आज मोटारीचीच असते. हप्ते पाच-पाच, सात-सात वर्षे चालतात. गाडीबरोबर मिळालेली हमीची, म्हणजे वॉरंटीची, पुस्तिका मात्र पहिल्याच दिवशी डॅशबोर्डच्या खणात जाते आणि गाडी बिघडेपर्यंत तेथेच राहते. ती बाहेर काढावी, तोवर समोरच्या माणसाला ती तोंडपाठ झालेली असते.

आमची स्वतःची हकीकत सांगतो. गाडी अठ्ठावीस हजार किलोमीटर चालली होती. ती डावीकडे ओढू लागली, खड्ड्यातून जाताना पुढून खटखट ऐकू येई, आणि पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड पार झिजली होती. हमीची मुदत शिल्लक होती. डीलरच्या वर्कशॉपमधील तरुणाने गाडी वर उचलून पाहिली आणि नम्रपणे सांगितले, "काका, हे वॉरंटीत बसत नाही. टायर रोटेशन वेळेवर झालेले नाही. शिवाय तुम्ही अलाइनमेंट बाहेर करून घेतली आहे." दुसरी गोष्ट खरी होती. पहिलीबद्दल आमच्याजवळ त्यांचीच दोन बिले होती, दोन्हींवर रोटेशनचे पैसे लावलेले.

येथे आमच्या शेजारच्या नानांचा प्रवेश होतो. नाना एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले मेकॅनिक. त्यांनी पुढच्या डाव्या टायरच्या भिंतीवरील एक ओरखडा दाखविला. गाडी घेतल्यावर पहिल्याच महिन्यात फाटकाच्या दगडाला घासून तो पडला होता. नाना म्हणाले, "दोनदा रोटेशन झालं म्हणता, मग हा ओरखडा अजून पुढे डावीकडेच कसा?" दोन्ही वेळा बिल फिरले होते, चाके फिरलीच नव्हती.

आता ही अदलाबदल करावयाची कशासाठी, हे पाहू. आजच्या बहुतेक लहान मोटारींत इंजिन पुढे असते आणि गाडी ओढण्याचे कामही पुढचीच चाके करतात. इंजिनाचा भार त्यांच्यावर, वळण्याचे काम त्यांचे, ब्रेक दाबला की गाडीचे वजन पुढे झुकते तेही त्यांच्यावर. मागची चाके त्या मानाने सुखवस्तू! त्यामुळे पुढचे टायर गोटा होतात तेव्हा मागच्यांची नक्षी बरीच शिल्लक असते. चारही टायर सारखे झिजावेत म्हणून साधारण आठ ते दहा हजार किलोमीटरला चाकांच्या जागा बदलतात. पुढून ओढणाऱ्या गाडीत पुढची चाके सरळ मागे जातात व मागची तिरकी, म्हणजे डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे, पुढे येतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत याच्या उलट. ज्या टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, ते त्याच बाजूला पुढेमागे करावे लागतात. पुढचे व मागचे टायर वेगवेगळ्या मापांचे असतील तर हा प्रश्नच उद्भवत नाही. स्टेपनी अलीकडे पुष्कळ गाड्यांत मापाने लहान देतात, तेव्हा तिला या फेऱ्यात घेऊ नये. जागा बदलल्यावर हवा पुन्हा मापून भरावी. पुढचा व मागचा दाब अनेक गाड्यांत निराळा असतो.

टायर हा गाडीचा रोजनामा आहे, तो वाचता आला पाहिजे. दोन्ही कडा झिजल्या व मध्य शाबूत, तर हवा कमी ठेवली गेली. मध्य झिजला, तर हवा जास्त. एकच कड झिजली, तर अलाइनमेंट बिघडली आहे किंवा पुढच्या सांध्यात कोठे ढिलाई आहे. ठिकठिकाणी खळगे पडले, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर अथवा बॅलन्सिंग पाहावे. नक्षीच्या खाचांत आडव्या लहान पट्ट्या असतात, त्या १.६ मिलिमीटर उंचीच्या. नक्षी झिजून पट्टीला आली की टायर संपला. भिंतीवर चार आकडी खूण असते: २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नव्या गाडीचा ताबा घेताना हे आकडे टिपून ठेवण्यास दोन मिनिटे लागतात.

हे ध्यानात घेतले म्हणजे डीलरच्या पहिल्या आक्षेपातील गोम उघड होते. अदलाबदल केल्याने झीज वाटली जाते. ती निर्माण होत नाही आणि बरीही होत नाही. आमच्या गाडीचा पुढचा बॉल जॉइंट सैल झाला होता. त्यामुळे चाकाचा कोन बिघडला, आणि कोन बिघडल्यामुळे कड झिजली. चाके वेळेवर फिरविली असती तर ती झीज दोन टायरांऐवजी चार टायरांवर दिसली असती, इतकेच. टायर फिरविले नाहीत म्हणून जॉइंट गेला, असे म्हणणे म्हणजे चप्पल झिजली म्हणून पाय वाकडा झाला असे म्हणण्यासारखे आहे. मात्र न्यायाने बोलावयाचे तर एक अपवाद सांगितला पाहिजे. चारही चाकांना सतत शक्ती देणाऱ्या गाडीत टायरांच्या झिजेत मोठा फरक पडला तर त्यांचे घेर असमान होतात आणि आतील गिअरच्या यंत्रणेवर खरोखरच ताण येतो. तेथे डीलरने रोटेशनच्या नोंदी मागितल्या तर तो अडवणूक करतो असे म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप बाहेरच्या गॅरेजचा. याबाबत पुष्कळांची समजूत अशी की, बाहेरच्या मेकॅनिकचा हात लागला की सारी हमी रद्द. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला व २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे हा त्यातील मुख्य आरोप. दंडावर पुढे अपिले झाली. पण त्या आदेशात आमच्या कामाचे एक कलम आहे: बाहेर काम करून घेतले एवढ्याच कारणावरून सरसकट हमी रद्द करण्याची अट कंपन्यांनी घालू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढी हानी झाली असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने हेच तत्त्व अगोदर आणले होते. ठराविक कंपनीचाच भाग वापरला तर हमी, नाही तर नाही, असे तेथे सामान्यतः म्हणता येत नाही.

म्हणून डीलरला एकच प्रश्न विचारावा आणि तो लेखी विचारावा: माझ्या कोणत्या चुकीमुळे कोणता भाग बिघडला? तोंडी नकार घेऊन घरी येऊ नये. गाडी ताब्यात देताना जॉब कार्डावर किलोमीटरचा आकडा व तक्रार आपल्या शब्दांत लिहवून घ्यावी. 'जनरल चेकअप' एवढेच लिहिलेले कार्ड पुढे काही उपयोगाचे नाही.

तक्रार कोणाविरुद्ध, हेही पाहावे लागते. गाडी बनविणारी कंपनी, विकणारा डीलर आणि टायर बनविणारी कंपनी हे तीन निराळे पक्ष आहेत. टायरची हमी बहुधा टायर कंपनीची असते. ती बनावटीच्या दोषापुरती असते आणि शिल्लक नक्षीच्या प्रमाणात भरपाई देते. खिळा, दगडाची चीर व अलाइनमेंटची झीज तीत येत नाही. गोव्यातील एका ग्राहकाला २०११ चे मॉडेल म्हणून २००९ सालची गाडी विकली गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारखानदाराला त्यातून मुक्त केले. डीलर व कारखानदार हे स्वतंत्र व्यापारी. डीलरची लबाडी कारखानदाराला ठाऊक होती असे सिद्ध झाल्याखेरीज तो जबाबदार नाही, असे न्यायालय म्हणाले. तसेच २००६ मध्ये मारुतीच्या एका क्लचच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की, हमी भाग दुरुस्त करण्याची वा बदलण्याची असेल तर त्या आधारे सबंध गाडी नवी मागता येत नाही. 'नवी गाडी द्या' म्हणून हटून बसणाऱ्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

याउपर दाद मागावयाची तर ग्राहक आयोग आहे. १९८६ च्या कायद्याच्या जागी २०१९ चा कायदा आला व तो जुलै २०२० पासून अमलात आला. वस्तूसाठी दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जावयाचे. कंपनीचे कार्यालय दिल्लीस असो की चेन्नईस, आपण राहतो तेथील आयोगात तक्रार करता येते. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, १० ते २० लाखांच्या गाडीला ४०० रुपये. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. पोटासाठी स्वतः टॅक्सी चालविणाराही या कायद्याने ग्राहकच ठरतो. दोष नुसता पाहून कळण्याजोगा नसेल तर आयोग तपासणी प्रयोगशाळेकडे सोपवू शकतो. बिघडलेला भाग फेकून देऊ नये तो यासाठी.

आम्हाला आयोगापर्यंत जावे लागले नाही. दोन बिले, ओरखड्याचे छायाचित्र आणि वर दिलेला प्रश्न एवढे पत्रासोबत पाठविले. पंधरवड्याने कंपनीचा इंजिनिअर आला. बॉल जॉइंट हमीत बदलला गेला, अलाइनमेंट फुकट झाली, न केलेल्या दोन रोटेशनचे पैसे परत मिळाले. टायर मात्र आम्हीच विकत घेतले. खटखट सुरू झाल्यावर दोन महिने आम्ही तशीच गाडी हाकली होती, तेव्हा त्यावर वाद घालण्यास तोंड नव्हते. नानांनी आता चारही टायरांच्या आतल्या बाजूला खडूने आकडे घातले आहेत. पावसाळ्यात खडू धुऊन जातो, म्हणून जूनपासून ते रंग वापरतात.