चाळिशीनंतर ताऱ्यांचा फोकस: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ताऱ्यांचे फोटो काढायला लागणारा पैसा आणि मोकळा वेळ बहुतेकांना पन्नाशीच्या आसपास मिळतो. तोवर जवळचा नंबर लागलेला असतो आणि ‘आता आपल्याला फोकस जमायचा नाही’ म्हणून कॅमेरा कपाटात जातो. ज्या समजुतींपायी हे होतं, त्यांतल्या बऱ्याच चुकीच्या आहेत.

चाळिशीमुळे तारे अंधूक होत नाहीत. डोळ्याचं भिंग ताठर होत जातं, म्हणून जवळचं दिसेनासं होतं. अंधूक होतो तो हाताशी असलेला कॅमेऱ्याचा स्क्रीन.

सर्वांत पक्का गैरसमज असा की, डोळा तीक्ष्ण तर फोटो तीक्ष्ण. खरं तर तरुण डोळाच इथे जास्त फसवतो. त्याचं भिंग लवचीक असल्यामुळे दुर्बिणीचा फोकस थोडा चुकला तरी डोळा नकळत सांभाळून घेतो आणि तारा बिंदूसारखा दिसतो. सेन्सरला अशी सोय नाही. एफ ५ च्या दुर्बिणीत फोकसची चूक खपते ती साधारण ६५ ते ७० मायक्रॉनच्या पट्ट्यात, म्हणजे केसाच्या जाडीइतक्या अंतरात. व्ह्यूफाइंडरमधून हे कुठल्याही वयात अचूक पारखता येत नाही. त्यासाठी लाइव्ह व्ह्यूवर एखादा ठळक तारा दहापट मोठा करावा, रिंग सावकाश फिरवत तारा लहानात लहान होऊ द्यावा, थोडं पुढे जाऊन पुन्हा मागे यावं.

तेही कठीण वाटलं तर बाख्तिनोव्ह मास्क वापरा. रशियाच्या पावेल बाख्तिनोव्ह यांनी २००५ मध्ये सुचवलेलं हे खाचा पाडलेलं झाकण लेन्सपुढे लावलं की ताऱ्यातून फुलीसारख्या रेषा निघतात आणि त्यांतून आणखी एक रेषा जाते. ती बरोबर मध्ये आली की फोकस झाला. रेषा मध्ये आहे की बाजूला, हे साठीच्या थकलेल्या डोळ्यालाही कळतं. लॅपटॉप जोडला असेल तर ताऱ्याची रुंदी आकड्यात दिसते; आकडा सर्वांत लहान होईल तिथे थांबायचं.

व्ह्यूफाइंडरजवळच्या डायॉप्टर चाकानं फोटोचा फोकस सुधारत नाही. ते फक्त तुमच्या नंबराप्रमाणे व्ह्यूफाइंडर जुळवतं. डोळ्याला सिलिंडरचा नंबर असेल तर तो त्यानं जात नाही. चष्मा ठेवावाच लागतो.

प्रोग्रेसिव्ह चष्मा मात्र खरोखर छळतो. कॅमेरा आकाशाकडे वळवला की त्याचा स्क्रीन खाली झुकतो. आपण खालून वर बघतो आणि जवळचा नंबर तर काचेच्या तळाशी असतो. मान अवघडते, तरी स्पष्ट दिसत नाही. स्क्रीन डोळ्यांपासून किती अंतरावर येतो ते टेपनं मोजून चष्मेवाल्याकडून तेवढ्याच अंतराचा एका नंबराचा साधा चष्मा करून घ्या. वाय-फायनं चित्र टॅबलेटवर घेऊन खुर्चीत बसून फोकस करणं त्याहून बरं.

लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. अनेक ऑटोफोकस लेन्सची रिंग त्या खुणेपुढेही फिरते. शिवाय डिसेंबरात संभाजीनगरजवळच्या म्हैसमाळच्या पठारावर रात्र चढते तशी हवा गार होते, धातू आकसतो आणि फोकस सरकतो. तासाभरानं पुन्हा तपासावाच. संभाजीनगरचा उजेड तिथून आग्नेयेला दिसतो आणि उन्हाळ्यात वृश्चिक-धनु त्यातूनच वर येतात. म्हणून फोकससाठी उंचावरची स्वाती घ्यावी. हिवाळ्यात व्याध आहेच.

वयाचं सगळंच चष्म्यानं भागतं, असं मात्र नाही. तरुणपणी अंधारात सुमारे ७ मिलिमीटर उघडणारी बाहुली साठीनंतर ५ मिलिमीटरच्या आसपास अडते, म्हणजे आत शिरणारा प्रकाश निम्म्यावर येतो. फिकट तेजोमेघ डोळ्यांना कमी दिसतात. कॅमेऱ्याला याचा काही फरक पडत नाही. पण दिव्यांभोवती वलयं दिसू लागली किंवा समोरच्या गाडीच्या उजेडानं डोळे दिपू लागले, तर मोतीबिंदू किंवा काचबिंदूची शंका घेऊन नेत्रतज्ज्ञांकडे जावं. म्हैसमाळचा घाट रात्री गाडी चालवत उतरायचा असतो, तेव्हा ही तपासणी पुढच्या अमावास्येआधीच उरकावी. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास अंधूक दिसतं, म्हणून निरीक्षणाचा दिवस मात्र त्यासाठी निवडू नये.