हृदयाच्या पिशवीचा कर्करोग आणि छपरावरचा पत्रा

बचत गटाच्या बैठकीत आपण रक्तक्षय, मधुमेह, बीपी यांवर बोलतो. आज बोलू या एका फार दुर्मिळ आजारावर. तो दुर्मिळ असला तरी त्याच्यामागची धूळ आपल्या घराजवळच असू शकते.

आपलं हृदय एका पातळ, दुपदरी पिशवीत असतं. दोन पदरांमध्ये थोडंसं पाणी असतं, त्यामुळे धडधडताना घर्षण होत नाही. फुफ्फुसाला आणि पोटाच्या आतल्या बाजूलाही असंच अस्तर असतं. या अस्तराच्या कर्करोगाला मेसोथेलिओमा म्हणतात. तो बहुतेक वेळा फुफ्फुसाच्या अस्तराला होतो. हृदयाच्या पिशवीला होणारे रुग्ण शंभरात एकही नसतात.

मेसोथेलिओमाचं मुख्य कारण अ‍ॅस्बेस्टॉस. हे खाणीतून निघणारं तंतूंचं खनिज आहे. ते जळत नाही, म्हणून सिमेंटचे पत्रे, पाइप, गाड्यांचे ब्रेक, बॉयलरची वेष्टनं यांत वापरलं गेलं. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासाबरोबर आत गेले की वर्षानुवर्षं तिथंच राहतात. हृदयाच्या पिशवीच्या बाबतीत मात्र प्रत्येक रुग्णाचा अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध सापडतोच असं नाही, हेही लक्षात ठेवा.

हा आजार दिसायला 20 ते 50 वर्षं लागतात. विशीत शहरातल्या कारखान्यात काम केलेला माणूस साठीत गावी परततो आणि मग त्याला दम लागू लागतो. तेव्हा त्या जुन्या कामाची आठवण कोणालाच होत नाही.

मुंबईत डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी अ‍ॅस्बेस्टॉसच्या एका कारखान्यातील 181 कामगार तपासले. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत सुमारे 22 टक्के कामगारांना अ‍ॅस्बेस्टॉसिस, म्हणजे या धुळीनं फुफ्फुस कडक होण्याचा आजार आढळला. त्याआधी 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला होता, की अशा कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून 40 वर्षं किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षं, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपाव्यात. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून मोडतो. म्हणून जुनं ओळखपत्र, पगाराची पावती, पीएफचा कागद फेकू नका.

लक्षणं कोणती? दम लागणं, छातीत दुखणं, सतत खोकला, पायांवर सूज, वजन घटणं. पिशवीत पाणी साचलं की हृदयाला नीट फुलता येत नाही. आपल्याकडे असं पाणी क्षयरोगामुळेही होतं, आणि क्षयरोग औषधानं बरा होतो. म्हणून घाबरून घरी बसू नका, तपासणी करा. इको, सीटी स्कॅन, पाण्याची आणि गरज पडल्यास पिशवीच्या तुकड्याची तपासणी केल्यावरच निदान होतं. कर्करोग निघाला तर पाणी काढून त्रास कमी करता येतो. शस्त्रक्रिया किंवा केमोथेरपी करायची का, हे डॉक्टर ठरवतात. आजार कठीण आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

आता घरची गोष्ट. गोठ्यावर, घरावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते धडके असेपर्यंत लगेच काढायची घाई नको. धोका ते फोडताना, कापताना, भोक पाडताना आणि घासताना असतो. घरकुल आलं म्हणून जुनं छप्पर काढायचं झालं, तर पत्रे पाण्यानं भिजवा, अख्खे उतरवा, वरून फेकू नका. लेकरांना दूर ठेवा. तोंडाला पदर बांधून हे तंतू अडत नाहीत, चांगल्या दर्जाचा मास्क लागतो. तुकडे कोरड्या झाडूनं झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. फुटके पत्रे रस्त्याच्या भरावात टाकू नका, चुलीभोवती लावू नका. घरातलं कोणी अशा धुळीत काम करत असेल, तर त्याचे कपडे घरात झटकू नका. कपडे धुणाऱ्या बायकांनाही हा आजार झाल्याचं जगभर नोंदलं गेलं आहे.

दवाखान्यात जाताना डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगा: कोणत्या गावी, कोणतं काम, किती वर्षं केलं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा आणि वहीत लिहून ठेवा. गटाच्या पुढच्या बैठकीत ती वही सोबत आणा.