अडकणारें बोट

आटपाडीच्या दुष्काळी माळावर डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्यापासून छाटणीच्या दिवसांत कात्री हातांतून सुटत नाहीं. घरांत कणीक तिंबणें, धुणें पिळणें हीं कामें तर बारमाही. अशा हातांचें एखादें बोट चाळिशी-पन्नाशीनंतर सकाळीं मिटतें, पण उघडत नाहीं. दुसऱ्या हातानें ओढलें कीं खटकन् सुटतें. बंदुकीच्या चापावरून ह्यास 'ट्रिगर फिंगर' म्हणतात. १८५० सालीं नोता ह्या फ्रेंच वैद्यानें ह्याचें वर्णन केलें. मुठीचे श्रम हें एक कारण. मधुमेह्यांस हा विकार अधिक होतो. पुष्कळदा कारण सांपडतही नाहीं.

खटका बोटाच्या पेऱ्यांत जाणवतो, म्हणून तेल तेथेंच चोळलें जातें. मूळ मात्र तळहातांत असतें. सुश्रुतानें शरीरांत सोळा कंडरा गणल्या. त्यांतील चार हातांच्या. बोट मिटविणारी कंडरा बोटाच्या मुळाशीं एका आंखूड कड्यांतून जाते. कडें जाड झालें व कंडरेस गांठ आली, कीं सुईच्या नेढ्यांत दोऱ्याची गांठ अडकावी तसें होतें. ओढून वा चोळून तें कडें सैल होत नाहीं.

प्रथम उपाय विश्रांतीचा, व रात्रीं बोट सरळ ठेवणारी पट्टी कांहीं आठवडे बांधण्याचा. न भागल्यास कड्याशीं स्टेरॉइडचें इंजेक्शन देतात. पुष्कळांस तेवढ्यानेंच आराम पडतो. मधुमेह्यांस गुण कमी येतो व कांहीं दिवस रक्तांतील साखर चढते. म्हणून आपला मधुमेह डॉक्टरांपासून लपवूं नये.

तरीही बोट अडकत राहिल्यास कडें छेदावें लागतें. तळहातावर लहानसा छेद घेऊन, डोळ्यांनीं पाहून तें कापणें ही जुनी व भरंवशाची रीत. १९५८ सालीं लोर्थ्वार ह्या शल्यविशारदानें त्वचा न उघडतां सूक्ष्म पात्यानें तें छेदण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढें त्याच कामीं इंजेक्शनची सुई येऊं लागली. तळहात तेवढ्यापुरता बधिर करतात. रोगी शुद्धीवर असल्यामुळें त्यासच बोट मिटून-उघडून पाहावयास सांगतात. टांका लागत नाहीं. परंतु सोनोग्राफीचें साह्य नसेल तर सुई आंत आंधळीच चालते. अंगठ्याशीं व तर्जनीशीं ज्ञानतंतु फार जवळून जातात. तेथें पुष्कळ शल्यविशारद उघडा छेदच पसंत करतात. कडें अर्धवट तुटण्याचाही संभव असतो.

म्हणून छिद्र किती लहान, ह्याहून बोट कोणतें व हात कोणाचा हें आधीं विचारावें. घरांतील वडीलधारीं माणसें, विशेषतः स्त्रिया, हें दुखणें क्षुल्लक मानून सोसतात, आणि सांधा कायमचा आंखडतो. लेकासुनांनीं त्यांची मूठ नीट उघडते कीं नाहीं, एवढें तरी वेळींच पाहावें.