पोरीचं नाव पटावर, पोर मात्र बांधावर

वाचकहो, पुण्याला गेलात की दगडूशेठ गणपतीला तुम्ही हात जोडताच. पुढच्या खेपेला जरा वळून समोर पाहा. तिथं बुधवार पेठेतला भिडे वाडा होता. १८४८ साली जोतीराव फुल्यांनी तिथं मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तिथं शिकवीत. राष्ट्रीय स्मारकासाठी तो जुना वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला.

आज पहिलीत मुलीचं नाव घालायला कुणी नाही म्हणत नाही. पण त्यातल्या किती जणी दहावीपर्यंत पोचल्या, हे आपल्या गावापुरतं मोजून पाहा. शाळा काढली की पोरं आपसूक येतील, असं जोतीरावांनीही मानलं नव्हतं. १८८२ साली हंटर आयोगापुढं त्यांनी बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. शिवाय मागास जातींच्या मुलांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं द्या, असंही सुचवलं.

गळती कशी होते?

पोरगी एका दिवसात शाळा सोडत नाही. एक दिवस आई भांगलणीला जाते म्हणून ती धाकट्याला सांभाळते. मग महिन्यातले चार दिवस जातात, कारण शाळेच्या संडासात पाणी नसतं. मग अभ्यास मागं पडतो, वर्गात उठून उभं राहायची लाज वाटते. शेवटी घरचेच म्हणतात, "तिचं मनच नाही शाळेत. स्थळ बघा."

शाळेला काय करता येईल?

पहिलं म्हणजे हजेरीपट बोलका करावा. सलग तीन दिवस गैरहजेरी पडली, की बाईंनी किंवा गुरुजींनी घरी जावं. रागवायला नव्हे, विचारायला. दुसरं, संडासात पाणी आणि दाराला आतून कडी हवी. तिसरं, पालकसभा दिवेलागणीनंतर घ्यावी. दुपारी अकराला आई शेतावर असते.

चौथी गोष्ट मोठी. गावची शाळा चौथीला किंवा सातवीला संपते, तिथंच पोरी गळतात. दाखला हातात देऊन मोकळं न होता, शाळेनंच पुढच्या शाळेत नाव घालून द्यावं. ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा मोफत पास मिळतो. पण शाळा पाचला सुटून गाडी सातला येत असेल, तर पास असून काय उपयोग? वेळ बदलून घेण्यासाठी मुख्याध्यापक आणि सरपंच यांनी मिळून आगारात जावं.

आणि सुटलेली पोर परत आली, तर दार बंद करू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयानुसार वर्गात बसण्याचा आणि मागं राहिलेलं शिकून घेण्याचा हक्क दिला आहे.

आता तुमचं काम

याच कायद्यानं सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती नेमली आहे. तिच्यात तीनचतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असतात. म्हणजे ती समिती तुमचीच आहे. पुढच्या बैठकीला चहापाण्याआधी हजेरीपट मागा. ज्या मुलीच्या नावापुढं सलग गैरहजेरी दिसेल, तिच्या घरी त्याच संध्याकाळी जा. महिनाभरानं गेलात, तर कदाचित लग्नाची तारीखच कानावर येईल.