पाण्यावरची थाप

युरोपीय वाद्यवृंदाच्या संगीतात पाणी फार पूर्वीपासून वाहत आले आहे; मात्र विसाव्या शतकापर्यंत ते तेथे केवळ वर्णनाच्या रूपाने होते, नादाच्या रूपाने नव्हे. या संदर्भात हेंडेलच्या 'वॉटर म्युझिक'चा उल्लेख हमखास होतो, पण १७ जुलै १७१७ रोजी राजा पहिला जॉर्ज याच्या नौकाविहारात थेम्स नदीवर वाजलेल्या या रचनेचा पाण्याशी असलेला संबंध वादकांची नाव त्यावर तरंगत होती एवढ्यापुरताच मानावा लागतो. खरे जलवर्णन बेद्रिख स्मेतानाच्या 'व्हल्तावा' (१८७४) या रचनेत आहे. श्रवणशक्ती गमावलेल्या या चेक रचनाकाराने नदीचे दोन उगम आधी बासऱ्यांच्या आणि मग क्लॅरिनेटांच्या घोळणाऱ्या स्वरांतून दाखवले आणि ते झरे एकत्र आल्यावर तंतुवाद्यांवर नदीची मुख्य धून उभी केली. देब्युसीच्या 'ला मेर'मध्ये (१९०५) असा प्रवासही नाही. तेथे लाटा, वारा आणि प्रकाश यांचा बदलता पोत हाच विषय आहे, आणि या समुद्राची सुरुवात समुद्रापासून दूर असलेल्या बर्गंडीत झाली, हे पाहता तो स्मरणातला समुद्र आहे असे म्हणण्यास हरकत नाही. बेंजामिन ब्रिटनने १९५८ मध्ये 'नोयेज फ्लड'मध्ये प्रलयाचे पहिले थेंब ऐकवण्यासाठी दोरीला टांगलेले चहाचे मग वाजवायला लावले. वाद्य स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोहोचले, तरी मग रिकामेच राहिले.

प्रत्यक्ष पाण्याचा प्रवेश त्याआधीच, काहीशा योगायोगाने झाला होता. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात लॉस एंजेलिसमध्ये जलनृत्याला साथ करताना पाण्याखालच्या जलतरणपटूंना ताल ऐकू येत नाही असे रचनाकार जॉन केजच्या लक्षात आले, तेव्हा त्याने वाजती घंटाथाळी, म्हणजे गाँग, पाण्यात उतरवली. थाळी बुडू लागली की तिच्या कंपनाबरोबर भोवतालचे पाणीही हलवावे लागते, त्यामुळे कंपन मंदावते आणि स्वर मींड घेतल्यासारखा खाली घसरतो. १९३९च्या 'फर्स्ट कन्स्ट्रक्शन' या रचनेत केजने हा जलगाँग रीतसर वापरला. तरीही येथे वाजते ते धातूचे पात्र. पाणी त्याचा स्वर वाकवते, इतकेच.

पाण्यालाच एकलवादकाचे स्थान देणारी मोठी वाद्यवृंदरचना म्हणजे तान दुन याचा 'वॉटर कन्चेर्तो' (१९९८). कन्चेर्तो म्हणजे एका प्रमुख वादकाने संपूर्ण वाद्यवृंदाशी साधलेला विस्तृत संवाद. १९५७ मध्ये चीनच्या हूनान प्रांतात जन्मलेला तान दुन सांस्कृतिक क्रांतीच्या काळात भातशेतीवर राबला, नंतर बीजिंगच्या संगीत विद्यालयात शिकला आणि १९८६ मध्ये न्यूयॉर्कला गेला. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसाठी लिहिलेली ही रचना जून १९९९ मध्ये कुर्ट माझुर यांच्या संचालनाखाली प्रथम सादर झाली, तेव्हा एकलवादक त्याच वाद्यवृंदातील क्रिस्टोफर लॅम हा होता. १९९६ मध्ये निधन पावलेल्या तोरू ताकेमित्सू या जपानी रचनाकाराच्या स्मृतीस ती अर्पण केलेली आहे. १९६० मध्ये ध्वनिफितीवर 'वॉटर म्युझिक' रचणाऱ्या आणि पुढे पाऊस, नदी, समुद्र यांच्याकडे पुन्हा पुन्हा वळणाऱ्या ताकेमित्सूला याहून समर्पक तर्पण सुचणे कठीण.

रंगमंचावर पाण्याने भरलेली मोठी पारदर्शक अर्धगोल पात्रे असतात. एकलवादक प्रेक्षागृहातून चालत येतो तो वॉटरफोन वाजवत. तळाशी थोडे पाणी असलेल्या या धातूच्या पात्राच्या कडेवर लहानमोठ्या सळया उभ्या असतात, आणि त्यांवर गज फिरवला की हलत्या पाण्यामुळे स्वर डगमगतो. त्यानंतर हाताचे तळवे, पाण्यावर पालथ्या घातलेल्या लाकडी वाट्या, नळ्या आणि चाळणी हे सारे वाद्यांच्या पदवीला पोहोचते. पालथ्या वाट्यांची कल्पना मालीसारख्या पश्चिम आफ्रिकी प्रदेशांत स्त्रिया पाण्यावर अर्धे कापलेले भोपळे तरंगत ठेवून वाजवतात त्या प्रथेशी जुळणारी आहे.

या वादनामागचे भौतिकशास्त्र मोठे रोचक आहे, कारण पाण्याचा म्हणून जो आवाज कानी पडतो तो बऱ्याच अंशी पाण्यात सापडलेल्या हवेचा असतो. थेंब पडल्यावर होणारा 'टप्' हा आघाताचा नसून पृष्ठभागाखाली अडकलेल्या बुडबुड्याच्या आकुंचन-प्रसरणाचा असतो, आणि मार्सेल मिनार्ट या शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये दाखवल्याप्रमाणे बुडबुडा जितका लहान तितका त्याचा स्वर उंच: एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे ३,२५० कंपने करतो, तर एक सेंटीमीटर त्रिज्येचा सुमारे ३२५. म्हणजे पोकळ तळव्याने पाण्यात हवा ओढून नेणारा वादक प्रत्येक थापेला एक नवे, क्षणजीवी वाद्य घडवतो आणि मोडतो. येथेच रचनाकाराची खरी अडचण सुरू होते. अशा थापेची उंची सर्वसाधारणपणे राखता येते, पण नेमका षड्ज मागता येत नाही. शिवाय व्हायोलिनांच्या ताफ्यापुढे हा नाद क्षीण पडतो. तान दुनने पहिल्या अडचणीवर लयीचा आणि पोताचा उपाय योजला, दुसरीवर ध्वनिक्षेपकांचा. ध्वनिक्षेपकाला नाक मुरडणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की त्यावाचून ही रचना पुढच्या चार रांगांपुरतीच उरली असती.

भारतीय वाचकाला येथे जलतरंग आठवणे स्वाभाविक आहे, परंतु ते साम्य वरवरचे आहे. जलतरंगात पाणी स्वर जुळवण्याचे काम करते: वाटीत पाणी वाढले की तिच्या भिंतीवरचा भार वाढून स्वर उतरतो, उलट बाटलीत पाणी ओतून तिच्या तोंडाशी फुंकर मारली तर आतला हवेचा स्तंभ आखूड होऊन स्वर चढतो. जलतरंग हे म्हणून घनवाद्यच. तान दुनच्या कल्पनेचा खरा पूर्वज कामसूत्रातील चौसष्ट कलांच्या यादीत सापडतो. तेथील उदकवाद्याचा अर्थ टीकाकार यशोधर मुरज या चर्मवाद्यासारखे पाणी वाजवणे असा देतो. कालिदासानेही 'रघुवंशा'च्या सोळाव्या सर्गात शरयूतील जलक्रीडेचे वर्णन करताना स्त्रिया गाण्याला पाण्याच्या मृदंगाची साथ करतात आणि काठावरचे मोर पिसारा उभारून तिला दाद देतात, असे चित्र रेखाटले आहे. तत, सुषिर, घन, अवनद्ध या भरतप्रणीत चौकटीत हे वाद्य बसवायचे झाले तर कातडे नसलेले अवनद्ध असेच म्हणावे लागेल.

२००० साली बाखच्या मृत्यूला अडीचशे वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त श्टुटगार्टच्या बाख अकादमीसाठी तान दुनने 'वॉटर पॅशन' लिहिले, त्यात खालून उजळलेली सतरा जलपात्रे क्रूसाच्या आकारात मांडली जातात. पॅशन म्हणजे येशूच्या यातनांची गायनकथा. त्यामुळे तेथे पाणी बाप्तिस्मा होते, अश्रू होते, पुनरुत्थान होते. परिणाम भव्य आहे यात शंका नाही, तथापि पाणी पुन्हा कशाचे तरी प्रतीक बनते आणि स्मेतानाच्या बाजूला एक पाऊल मागे जाते. कन्चेर्तोत ते कशाचेही प्रतिनिधित्व करत नाही, आणि म्हणून त्या दोहोंत कन्चेर्तोच अधिक धीट ठरतो. पुढे कागदासाठी (२००३) आणि मृत्पात्रे-दगड यांसाठी (२००९) कन्चेर्तो लिहिताना तान दुनने हीच वाट धरली.