पापण्या जड होतात तेव्हा

भल्या पहाटे पोर उठत नाही. "पोटात दुखतंय" एवढेच म्हणते आणि पुन्हा डोळे मिटते. आईला वाटते, रात्री जागली असेल, निजू द्यावी घटकाभर.

शेतमजुरी करणाऱ्या, आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात ऐन लावणीच्या दिवसांत असेच घडले. मुलगी अकरा वर्षांची. सगळी जमिनीवर गोधडी टाकून निजलेली. सकाळी मुलीच्या अंगावर ना जखम, ना सूज. शेजारीण म्हणाली, बाहेरचे काहीतरी असेल. लिंबू आले, अंगारा आला. तोवर मुलीचे बोलणे नाकातून येऊ लागले, पाणी गिळवेना. तिच्या मामाने मात्र कोणाचे ऐकले नाही. मोटारसायकलवर तिला मध्ये बसवून त्याने सरळ ग्रामीण रुग्णालय गाठले. डॉक्टरांनी तिच्या लोंबणाऱ्या पापण्या पाहिल्या आणि पहिलाच प्रश्न विचारला, "रात्री झोपली कुठे होती?"

मुलीला मण्यार चावली होती. काळ्या अंगावर पांढऱ्या बारीक कड्या असलेला हा साप रात्री फिरतो. त्याचा दंश बहुधा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. झोपलेल्या माणसाला कळतही नाही. मग पापण्याच का जड होतात?

आपण हात उचलतो तेव्हा मेंदूचा निरोप मज्जातंतूतून स्नायूपर्यंत जातो. पण तंतू आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात, मध्ये अगदी बारीक फट असते. निरोप तिथे पोचला की तंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलिन नावाचे रसायन सुटते. त्याला किल्ली समजा. स्नायूवर त्याची कुलपे असतात. किल्ली कुलपात बसली की स्नायू आखडतो आणि लगेच दुसरे एक रसायन त्या किल्लीचे तुकडे करून टाकते. पापणी लवण्यापासून श्वास घेण्यापर्यंत हाच व्यवहार चालतो.

नागाचे विष या कुलपातच जाऊन बसते. किल्ली येते, पण तिला जागा नसते. मण्यारीचे विष बरेचसे त्याहून वाईट काम करते. ते किल्ल्या पाठवणारे तंतूचे टोकच निकामी करते. दोन्ही वेळा निरोप अडतो. पापण्या, डोळे, घसा यांचे लहान स्नायू आधी हार मानतात, मग मान आणि शेवटी श्वासाचे स्नायू. माणूस दगावतो तो श्वास थांबल्याने.

मेंदू मात्र बहुतेक वेळा जागाच असतो. ही मुलगी बरी झाल्यावर म्हणाली, "आजी रडत होती, मला सगळं ऐकू येत होतं. पण डोळे उघडत नव्हते." असा माणूस मेल्यासारखा पडलेला असतो. त्याच्या उशाशी रडारड करणारांनी एवढे ध्यानात ठेवावे.

औषधे याच फटीत काम करतात. नागाच्या दंशात सापाच्या लसीबरोबर डॉक्टर निओस्टिग्मिनचे इंजेक्शन देतात. किल्लीचे तुकडे करणाऱ्या रसायनाला ते रोखते. किल्ल्या साठत जातात आणि मोकळे झालेले कुलूप त्यांना सापडते. तोंडाला लाळ सुटू नये, नाडी मंदावू नये म्हणून सोबत अ‍ॅट्रोपिन देतात. हे अ‍ॅट्रोपिन आपल्या रानातल्या धोतऱ्यातही असते. मोजून दिले तर औषध, मुलांनी धोतऱ्याच्या बिया खाल्ल्या तर विष.

मण्यारीच्या दंशात ही युक्ती फारशी चालत नाही, कारण किल्ल्या येणेच बंद झालेले असते. लस रक्तात फिरणाऱ्या विषाला गाठते, पण मोडलेले तंतू जोडत नाही. ते पुन्हा वाढायला दिवस, कधी आठवडे लागतात. तोवर श्वास मशीनने चालवावा लागतो. त्या मुलीला तालुक्याहून जिल्ह्याला नेताना मामाने गाडीत वाटभर हवेची पिशवी दाबली. ती सात दिवस मशीनवर होती. लस आणखी दोन तास उशिरा मिळाली असती तर काय झाले असते, ते न बोललेले बरे.

लाल विंचवाचे प्रकरण याच्या अगदी उलट आहे. साप निरोप अडवतो, विंचू तो थांबूच देत नाही. निरोप तंतूतून जाताना सोडियमची बारीक दारे उघडतात आणि लगेच मिटतात. विंचवाचे विष ती मिटू देत नाही. मग तंतू एकसारखे ओरडत राहतात. अंगात अ‍ॅड्रेनॅलिनचा पूर येतो, घाम फुटतो, ओकाऱ्या होतात, हातपाय गार पडतात. रक्तवाहिन्या आवळल्याने हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरते. कोकणात अशी कितीतरी मुले गेली.

रायगड जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. गरिबीतून शिकलेला हा माणूस विंचू चावलेल्या रोग्याच्या उशाशी रात्र रात्र बसून नोंदी करी. १९८२ साली त्यांचा लेख 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध साप्ताहिकात आला. रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते, हे त्यांनी विंचूदंशात वापरून पाहिले आणि १९८६ साली तिथेच मांडले. पूर्वी गंभीर रोग्यांत शंभरातले पंचवीस-तीस दगावत, ते प्रमाण अगदी खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सारे काम खेड्यातल्या दवाखान्यात झाले, याचे आम्हाला विशेष वाटते.

मग मांत्रिकाकडे गेलेले बरे कसे होतात, असे आमचे वाचक विचारतील. सोपे आहे. बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी सापही कधी कधी चावतो पण विष सोडत नाही. काळ्या विंचवाची कळ सहसा आपोआप उतरते. ही माणसे मरणारच नव्हती, नाव झाले मांत्रिकाचे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक आपल्यासारखीच, खेड्यातली राबणारी.

साप चावला तर जखम कापू नये, चोखू नये, दोरी आवळू नये. हातपाय फळीला बांधून स्थिर ठेवावा, माणसाला चालवू नये, उचलून न्यावे. १०८ नंबरवर गाडी मागवावी. सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते. खूण दिसली नाही तरी पोटदुखी, जड पापण्या आणि बदललेला आवाज एवढे डॉक्टरांना सांगावे.

आणि जमिनीवर निजणे टाळावे. त्या घरात आता मुले बाजेवर निजतात. बाज एकच आहे, म्हणून थोरांसाठी मामाने मच्छरदाणी आणली. तिच्या कडा चारी बाजूंनी गोधडीखाली खोचायचे काम त्या मुलीकडे आहे.