वकील जेव्हा अशिलाच्या दारी जातो

आज एका प्रश्नापासून सुरुवात करू. वकिलाने आपली श्रद्धा कोर्टाच्या पायरीशी ठेवून आत जायचे, की ती सोबत न्यायची? आणि सोबत न्यायची म्हटली, तर अशिलाचा धर्म वेगळा असेल तेव्हा काय करायचे?

या प्रश्नाचे उत्तर एका बाईंनी आपल्या कामातून दिले आहे. त्यांचे नाव कॉर्नेलिया सोराबजी. जन्म 1866 चा, नाशिकचा. वडील रेव्हरंड सोराबजी करसेटजी हे पारशी घराण्यातून ख्रिस्ती झालेले मिशनरी. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल चालवले. घरात प्रार्थना होती आणि दारात अडलेल्या माणसांची ये-जा होती.

कॉर्नेलिया लहान असताना आईकडे एक श्रीमंत गुजराती विधवा आली. तिच्या विश्वासातल्या कारभाऱ्यानेच तिची मालमत्ता हडप केली होती. ती पडद्यात राहणारी. परक्या पुरुषासमोर बसून बोलणार कशी, आणि वकील तर सगळे पुरुष! अशा बायका पुष्कळ आहेत, त्यांना मदत करायची तर तू कायदा शीक, असे आईने मुलीला सांगितले. वकील होण्याचे बीज तिथे पडले.

आता ही अडचण नीट समजून घेऊ. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या, म्हणजे 1908 च्या कायद्याच्या कलम 132 मध्ये अशी तरतूद आहे की, रूढीप्रमाणे ज्या स्त्रिया चारचौघांत येत नाहीत त्यांना कोर्टात जातीने हजर राहण्याची सक्ती नाही. सवलत चांगली आहे. पण बाई कोर्टात येणार नाही आणि वकील जनानखान्यात जाणार नाही, तर तिचे म्हणणे कोर्टापर्यंत पोहोचवणार कोण? तोच कारभारी, नाहीतर दीर किंवा पुतण्या. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, बरेचदा त्याच्याच तोंडून तिची बाजू मांडली जायची.

ही दरी भरायला कॉर्नेलिया निघाल्या. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या महिला पदवीधर. विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मात्र बाई म्हणून नाकारली गेली. मग इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी पैसे उभे केले, त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. 1892 मध्ये त्यांनी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली. ती देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पण ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांना पदवीच देत नव्हते.

परत आल्यावरही तेच. मुंबईची एलएल.बी. झाली, 1899 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षाही झाली, तरी सनद मिळेना. ज्ञान होते, अशील वाट बघत होते, आणि दार बंद. तेव्हा त्यांनी दुसरी वाट शोधली. 1904 मध्ये त्या बंगालच्या ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्स’मध्ये स्त्रियांच्या कायदा सल्लागार म्हणून रुजू झाल्या.

‘कोर्ट ऑफ वॉर्ड्स’ म्हणजे काय? जमीनदार वारला, मागे अज्ञान मूल किंवा पडद्यातली विधवा राहिली, की त्या इस्टेटीचा कारभार सरकार हाती घेत असे. ते हे खाते. कागदोपत्री सगळे व्यवस्थित असायचे, पण वाड्याच्या आत काय चालले आहे ते साहेबाला दिसत नसे. कॉर्नेलियांना दिसू लागले, कारण त्या आत जाऊ शकत होत्या. बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम असा त्यांचा मुलूख. कधी रेल्वेने, कधी पालखीतून जायचे. बाईशी तिच्या खोलीत बसून बोलायचे. मुलाच्या शिक्षणाचे काय, महिन्याचा खर्च हातात पडतो का, वारसाच्या जिवाला धोका तर नाही ना, हे सगळे विचारायचे. पुढच्या वीसेक वर्षांत 600 च्या वर स्त्रिया आणि मुलांना त्यांनी मदत केली असे सांगतात. काही वेळा एक पैसाही न घेता.

आता श्रद्धेकडे येऊ. अशील बहुतेक हिंदू आणि मुसलमान, घरे कडक सोवळ्याची. तिथे धर्माचा उपदेश सुरू केला असता तर दुसऱ्या खेपेला दार उघडलेच नसते. त्यांच्या लिखाणात या बायकांच्या पूजेअर्चेबद्दल, व्रतवैकल्यांबद्दल आदर दिसतो.

बायबलमध्ये चांगल्या शोमरोन्याचा दाखला आहे. तो दाखला येशूने सांगितला तो नियमशास्त्र जाणणाऱ्या एका माणसाला, म्हणजे एका अर्थी वकिलालाच! माझा शेजारी कोण, असे त्याने विचारले होते. गोष्टीतला परधर्मी वाटसरू जखमी माणसाजवळ जातो, त्याच्या जखमा बांधतो, त्याला उतारशाळेत पोहोचवतो, खर्च देतो आणि परत येईन असे सांगतो. धर्म कोणता, हे विचारत नाही. मला वाटते, कॉर्नेलियांच्या वकिलीची रीत हीच होती. श्रद्धा बोलण्यात नव्हती, जाण्यात होती.

त्यांचे सगळेच आपल्याला पटेल असे नाही. त्या ब्रिटिश राजवटीच्या बाजूच्या होत्या, गांधीजींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. हेही सांगायला हवे. 1921 मध्ये अलाहाबादने त्यांची नोंद केली, 1923 च्या कायद्याने देशभर स्त्रियांना वकिली खुली झाली. तेव्हा त्या पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या. कलकत्त्यात वकिली सुरू केली, पण बाई म्हणून कोर्टात उभे राहण्याऐवजी कागदी मते लिहिण्याचेच काम जास्त वाट्याला आले. 1929 मध्ये त्या निवृत्त झाल्या, 1954 मध्ये लंडनमध्ये वारल्या.

आज पडदा कमी झाला. पण समजा, सुरतेतल्या किंवा हैदराबादेतल्या एका मराठी आजींसमोर त्यांना न वाचता येणाऱ्या लिपीतला दस्त ठेवला आणि ‘इथे सही करा’ म्हटले, तर त्या आजी त्या जुन्या विधवेच्याच जागी नाहीत का? अशा वेळी न्यायालये एक तत्त्व पाळतात. पर्दानशीन किंवा निरक्षर स्त्रीकडून दस्त करून घेतला असेल, तर तिला तो समजला होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी दस्त घेणाऱ्यावर असते. नुसता अंगठा पुरेसा नाही.

म्हणून ऐकणाऱ्यांत वकील असतील त्यांना चार गोष्टी सांगतो. अशिलाला येता येत नसेल तर आपण जावे. तिचे म्हणणे नातेवाइकांना बाहेर बसवून, तिच्याकडूनच ऐकावे. सहीआधी कागद तिच्या भाषेत समजावून सांगावा आणि तिला काय कळले ते तिच्याच तोंडून ऐकावे. आणि काम झाल्यावर एकदा तरी परत विचारपूस करावी.

बाकीच्यांसाठी एक माहिती. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि मुलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. मदतीचा क्रमांक 15100. तो लिहून ठेवा, आणि शेजारच्या आजींनाही सांगा.